बुडालेल्या घराचं भाडं

आमच्या दादांनी उभ्या आयुष्यात घराच्या भिंतीत एक खिळा ठोकला नाही. दादा म्हणजे माझे वडील. नारायणगावच्या एका शाळेत शिपाई होते. शाळेच्या भिंतींत त्यांनी शेकड्यांनी खिळे ठोकले असतील. नकाशे, काळे फळे, तसबिरी, सगळं त्यांच्याच हातचं. पण घरात नाही, कारण घर कधी आमचं नव्हतंच. आम्ही सात खोल्या बदलल्या, सातही भाड्याच्या, आणि सातही खोल्यांत कॅलेंडर खिडकीच्या गजाला सुतळीनं बांधलेलं. वाऱ्यानं ते फिरायचं आणि तारीख बघायला मान वाकडी करावी लागायची. दहावीत जाईपर्यंत मला वाटायचं, कॅलेंडर असंच बघतात.

त्याआधी आमचं घर होतं ते आंबेगावात. तालुक्याचं नाव नव्हे, खरं आंबेगाव, जे आता डिंभ्याच्या धरणाखाली आहे. मी पाचवीत असताना पाणी आलं. आमच्याकडं अजून 'पाणी आलं' असंच म्हणतात, जणू नळाला आलं. भाताची खाचरं गेली, नाचणीचा माळ गेला, घर गेलं. मोबदला चार भावांत वाटला गेला, आणि दादांचा वाटा खोल्यांच्या डिपॉझिटात अन् दुखण्याखुपण्यात कधी विरघळला ते कुणाला कळलं नाही.

नारायणगावातल्या पहिल्या खोलीचं पहिलं भाडं देऊन दादा आले आणि आईला म्हणाले, "त्या घरात आपल्या तीन पिढ्या ऱ्हायल्या. एक पैसा भाडं दिलं न्हाई कुणी."

आईला वाटलं, माणूस खचला. पण दादा खचले नव्हते, त्यांनी हिशोब केला होता. दुसऱ्या दिवशी ते पोस्टात गेले, आईच्या नावानं खातं काढलं आणि दहा रुपये भरले. बुडालेल्या घराचं भाडं. मग दर महिन्याला, ज्या दिवशी मालकाला भाडं द्यायचं त्याच दिवशी, थोडे पैसे पोस्टात. दहाचे पन्नास झाले, पन्नासाचे शंभर, पुढं पगार वाढला तसे आणखी. रक्कम साठली की मुदतीत टाकायची, मुदत संपली की पुन्हा. घरात त्या पैशाला 'घराचं भाडं' हेच नाव. माझ्या कॉलेजच्या फीला दादांनी दोघा-तिघांपुढं हात पसरला, पण त्या खात्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते आपले पैसे नव्हतेच. मालकाचे होते. मालक पाण्याखाली होता, एवढंच.

पुढं मी एका कॉलेजात लिपिक झालो, पंधरा वर्षांचं कर्ज काढून फ्लॅट घेतला. दादांना त्यात आणलं त्या दिवशी मी खिळ्यांची पुडी आणि नवी हातोडी घेऊन आलो. फार मोठं काही करतोय अशी माझी मुद्रा असणार. दादांनी पुडी हातात घेऊन वजन केल्यासारखी पाहिली आणि कपाटावर ठेवून दिली. म्हणाले, हप्ते संपू देत, तोवर हे घर बँकेचं आहे.

हप्ते संपायला दोन वर्षं राहिली असताना दादा गेले. पुडी कपाटावरच.

त्यांची एक सवय मात्र माझ्याकडं राहिली. आमच्या इमारतीची गच्चीवरची टाकी सकाळी भरते आणि भरून वाहायला लागली की पाणी आमच्या खिडकीशेजारच्या पाइपातून घुमत खाली येतं. तो आवाज आला की दादा खाटेवर पाय वर घ्यायचे. आम्ही हसायचो. दादा गेल्यानंतर एका सकाळी मी पेपर वाचत होतो, टाकी वाहिली, आणि बायको माझ्याकडं टक लावून बघायला लागली. माझे दोन्ही पाय सोफ्यावर होते. "खाली फरशी आहे," ती म्हणाली. "पाणी नाही." मी पाय खाली सोडले. फरशी गार लागली, आणि मला खात्री वाटेना.

बायको पिंपरी पेंढारची. माहेरी विहीर, द्राक्षबाग, तीन भाऊ आणि सगळ्या गोष्टींचा हिशोब तोंडपाठ. आमचा शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी मी पेढे आणले, आणि पेढा खाता खाता ती म्हणाली की आता ह्याच हप्त्यात दुसरा छोटा फ्लॅट बसतो. तो भाड्यानं द्यायचा. मला पेन्शन नाही, माझी नोकरी पेन्शन बंद झाल्यावरची. मुलगी पुण्यात शिकतेय, ती तिच्या वाटेनं जाईल. भाड्याचा फ्लॅट हीच आपली पेन्शन.

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिचं बहुतेक बरोबर असतं, संसारातली ती एक मोठी अडचण आहे. पण माझा पेढा हातातच राहिला तो पैशाच्या धास्तीनं नाही. मला तिसऱ्या खोलीच्या मालकांचा खोकला ऐकू आला.

ते मालक वाईट नव्हते. कधी आवाज चढवला नाही, कधी सामान बाहेर काढलं नाही. पण एक तारखेला ते जिना चढायचे आणि दारापासून दोन पायऱ्या खाली थांबून खोकायचे. येतोय, हे कळावं म्हणून. त्या खोकल्यानं आमची खोली बदलून जायची. आई पसारा पलंगाखाली ढकलायची, पाहुणा असेल तर त्याच्या चपला आत घ्यायची. आणि दादा, स्वतःच्या चुलीपुढं बसलेला पन्नाशीचा माणूस, उठून शर्टाची गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावायचा. आता तो खोकला मला खोकायचा होता.

तरी तयारीला लागलो. बँकेत गेलो. कर्जाच्या टेबलावर एक तरुण मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा फार तर चार वर्षांनी मोठी. तिनं मला शाळेतल्या मास्तरणीसारखं समजावलं. जुना फ्लॅट घेताना बँक साधारण पाऊण किंमत देईल, उरलेली तुमची. वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, मालकी तपासणारा वकिलाचा शोध अहवाल, हे वेगळं. आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पाहिजेत, कारण फ्लॅट रिकामा पडतो. मग ती म्हणाली, "सर, भाडं येणार असं धरून हप्ता ठरवू नका. भाडं येणारच नाही असं धरा. तरी हप्ता गेला पाहिजे. जमतंय का ते वर्षभर करून बघा."

म्हणजे असं: कर्ज घेण्याआधीच, ते घेतलंय असं समजून, दर महिन्याला हप्त्याएवढी रक्कम वेगळ्या खात्यात टाकायची. आम्ही त्याला 'खोटा हप्ता' म्हणायला लागलो. दीड वर्ष टाकला. त्यापायी नवी मोटरसायकल लांबली, मी कॉलेजला चालत जायला लागलो आणि सगळ्यांना सांगत सुटलो की डॉक्टरांनी सांगितलंय. बायकोनं दोन लग्नांत तीच साडी नेसली. मी एवढी कडक शिस्त पाळली नाही. स्टँडजवळ आठवड्यातून दोनदा मिसळ खायचो आणि घरी भूक नाही म्हणायचो. बायकोला तर्रीचा वास यायचा. ती बोलायची नाही, फक्त ताक पुढं सरकवायची.

एका एक तारखेला मी बँकेत निघालो होतो. आई दारात भाजी निवडत होती. तिनं वर पाहिलं आणि विचारलं, "तू बी भाडं भराय चाललास व्हय?"

मी म्हटलं, नाही गं, हप्ता आहे, खोटा हप्ता. ती माझ्या गळ्याकडं बघत होती. तेव्हा माझं लक्ष गेलं. शर्टाची सगळी बटणं लावलेली होती, गळ्यापर्यंत, भर एप्रिलमध्ये. ज्या घरात आपण राहत नाही त्याचे पैसे दर महिन्याला नेमानं भरायचे, ही युक्ती मला बँकेतल्या मुलीनं शिकवली असं मी चारचौघांत सांगत होतो. चाळीस वर्षं ती माझ्याच घरात चालू होती.

फ्लॅट सापडला हायवेच्या मागच्या बाजूला. दुसरा मजला, एक खोली, एक हॉल, स्वयंपाकघर. मालक पुण्याला गेलेले, त्यांना विकायचा होता. आत एक जोडपं भाड्यानं राहत होतं. नवरा नारायणगाव-जुन्नर जीप चालवायचा, बायको हंगामात टोमॅटोच्या बाजारात मालाची निवड करायला जायची. आम्ही बघायला गेलो तेव्हा ती एकटीच होती. स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून उभी राहिली, पदर दोन्ही खांद्यांवर घेऊन, आणि आम्ही काही विचारायच्या आत बोलायला लागली.

"नळ गळत न्हाई. भिताडांना काय केलं न्हाई आमी. जशी व्हती तशी हाईत."

मी भिंतींकडं पाहिलं. खरंच कोऱ्या होत्या. मग खिडकीकडं पाहिलं. गजाला सुतळी होती आणि सुतळीला कॅलेंडर, वाऱ्यानं फिरून पाठमोरं झालेलं.

माझी बायको ओल बघत होती, कोपऱ्यांवर बोटं वाजवत होती. मला म्हणाली, नळ सोडून बघा. मी मोरीत जाऊन नळ सोडला. पाइपात हवा होती, आधी तो घुमला आणि मग धो-धो आला. हॉलमधून बायकोनं विचारलं, एका पायावर का उभे आहात. मी म्हटलं, फरशीचा उतार बघतोय.

निघताना ती बाई दारापर्यंत आली. हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, तुमी घेतला तर आमाला कधी सोडावा लागंल?"

मला तिला सांगायचं होतं की सोडावा लागणार नाही. सांगायला तोंड उघडलं, आणि आधी घसा साफ करायला खोकलो. साधा खोकला. पण तिची पाठ ताठ झाली, आणि तिनं पटकन दारातली चपलांची जोडी पायानं आत सरकवली. सांगायचं राहूनच गेलं आणि मी जिना उतरलो. बायकोचं म्हणणं, मी कठडा धरून उतरलो.

सौदा ठरला. पन्नास हजार विसार दिला. मे अखेर खरेदीखत करायचं, नाहीतर मालकांकडं दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. त्या गिऱ्हाइकाला स्वतः राहायचं होतं, म्हणजे जीपवाल्याच्या कुटुंबाला महिन्याभरात निघावं लागलं असतं. आणि नेमकं तेव्हाच बँकेच्या माणसानं फ्लॅटची किंमत आमच्या सौद्यापेक्षा कमी धरली. कर्ज आक्रसलं. एक लाख ऐंशी हजार कमी पडले.

सहा महिन्यांचे हप्ते बाजूला होते, ते घ्यावेत असं मी सुचवलं. बायकोनं साफ नकार दिला. म्हणाली, त्याला हात लावला तर आपण तयार नाही, नुसते हौशी आहोत. थोरल्या मेव्हण्यानं फोनवर सांगितलं, पावणं, पैसं देतो की, पर ह्या शिमिटाच्या खोक्यात कशाला घालताय, आमच्याकडं दोन गुंठं घ्या. पण त्याचे उसने म्हणजे दुसरा हप्ताच, फक्त कागदावर नसलेला, आणि दर दिवाळीला जेवताना वसूल होणारा.

उरलं एकच खातं. आईच्या नावाचं. त्यात साधारण तेवढेच होते, थोडे जास्तच.

दोन दिवस मी आईभोवती घोटाळलो. शेवटी तिनंच विचारलं, काय पाहिजे. मी सांगितलं. तिनं सुपातले तांदूळ निवडायचे थांबवले नाहीत.

"ते पैसं माझं न्हाईत," ती म्हणाली. "ह्यांचंबी नव्हतं. घराचं हाईत. घराला इचार."

मी म्हटलं, आई, घराला कसं विचारणार?

"उन्हाळा हाय. वर आलं आसंल."

दर उन्हाळ्यात, पाणी खाली गेलं की, आम्ही आंबेगावला जायचो. धरण आटलं की जुन्या गावाची जोती चिखलातून वर येतात, दगडी देऊळ येतं, वाटा येतात. दादा पुढं चालत आईला एका जोत्यापाशी न्यायचे. आई उंबऱ्याला हळदकुंकू लावायची आणि मग घर दाखवायची. इथं चूल. इथं जातं. इथं रांजण. दादा मान हलवायचे. मी घरातला गोष्टी सांगणारा, मीही मागं नव्हतो. मुलगी लहान असताना मी तिला कोपऱ्यातला एक दगड दाखवून सांगायचो की माझ्या कपाळावरची खोक ह्याच्यावर आपटून झाली. तिनं एकदा त्या दगडाला लाथ मारली होती. दादा गेल्यापासून मात्र आम्ही गेलो नव्हतो. तीन वर्षं.

मेव्हण्याची पिकअप मागून आणली. मागं टोमॅटोच्या क्रेटांचा वास, पुढं आम्ही तिघं दाटीवाटीनं, आईच्या मांडीवर पूजेचं ताट. मंचर, घोडेगाव करत डिंभ्याच्या पुढं गेलो. ऐन दुपार होती. धरणाच्या काठानं जिथं इतर वेळी पाणी असतं तिथं तडे गेलेली जमीन पसरली होती आणि मधे जोत्यांच्या रांगा. छपरं, भिंती आणि माणसं, सगळं काढून घेतलेलं गाव. दुपारची इतकी शांतता होती की आमच्या चपलांखाली चिखलाच्या खपल्या मोडल्याचा आवाज लांबवर जात होता. मला सारखं वाटत होतं की कुणीतरी पुढं चालतंय आणि आम्ही त्याच्या मागं. आई तर वाट बघतसुद्धा नव्हती. सरळ गेली आणि एका जोत्यापाशी थांबली.

तिनं उंबरा पदरानं पुसला, हळदकुंकू लावलं. मग तांदळाचे दोन दाणे पाण्यात बुडवून उंबऱ्याच्या उभ्या अंगाला चिकटवले, एक उजवीकडं, एक डावीकडं. असा कौल आमच्याकडं देवाला लावतात. उजवा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नाही. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो आणि दोन तांदळांकडं बघत राहिलो. बँकेतल्या त्या मुलीनं मला विचारलं होतं, सर, तयारी कितपत आहे. तिनं आम्हाला ह्या वेळी बघायला हवं होतं.

तेवढ्यात मागून काठीचा आवाज आला. एक म्हातारा येत होता, डोक्याला टॉवेल, पायाला गाळ. पाणी ओसरलं की उघड्या गाळात काही लोक भाजीपाला करतात, त्याला गाळपेर म्हणतात; त्यातलाच तो असावा. जवळ आला, आईला ओळखल्यासारखा हसला आणि इकडंतिकडं बघत म्हणाला, "शिपाईभाऊ न्हाई आलं? तीन वर्सांचं भाडं थकलंय त्यांचं."

मी म्हटलं, कसलं भाडं?

"ह्या उंबऱ्याचं. वर्साला अकरा रुपयं. लई नेकीचा माणूस, नको म्हणलं तरी द्यायचा."

मी सांगितलं की दादा गेले, तीन वर्षं झाली. म्हाताऱ्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग त्याचं लक्ष आईकडं गेलं, आणि आपण काय बोलून बसलो ते त्याला कळलं असावं. पण आता उशीर झाला होता. आईनं विचारलं, "हे घर कुणाचं हाय?"

"आमचं," म्हातारा म्हणाला. "माझ्या बापाचं."

त्यानं सांगितलं ते थोडक्यात असं. सुरवातीची काही वर्षं आमचं जोतं वर येत होतं. मग त्या अंगाला गाळ बसत गेला. एका उन्हाळ्यात दादा एकटेच आले, आणि दुपारभर शोधूनही त्यांना घर सापडलं नाही. म्हातारा तेव्हा इथंच होता. दादा त्याच्या जोत्यावर बसले, पाणी प्यायले आणि म्हणाले की पुढच्या आठवड्यात मालकिणीला आणणार आहे, तिला इथं आणलं तर चालेल का. तिला कळणार नाही. तिला फक्त उंबरा लागतो. आणि त्यांनी खिशातून अकरा रुपये काढून दिले. दरवर्षी, आम्ही निघालो की ते मागं रेंगाळायचे. मला वाटायचं, लघवीला थांबलेत.

आई खाली बसली. हात उंबऱ्यावर, आपणच लावलेल्या हळदकुंकवावर. बायकोनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी कपाळावरची खोक चाचपत होतो. तो कोपऱ्यातला दगड माझ्याकडं बघत होता, दुसऱ्याच्या घरातला, विनाकारण लाथ खाल्लेला.

मग आई म्हणाली, "जातं इथं व्हतं, रांजण इथं व्हता, आसं मी छाती ठोकून सांगायची. आन् ह्यांनी नुसती मान हलवायची."

म्हाताऱ्यानं टॉवेल पुन्हा डोक्याला गुंडाळला.

"म्हंजी पाण्याखालीबी आपण भाड्यानंच ऱ्हायलो," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं. मला ते हसणं ऐकवेना. बायकोनं तोंड फिरवलं.

आईनं उंबऱ्यावरचे दोन्ही तांदूळ बोटानं पुसून टाकले. दुसऱ्याच्या घराला आपलं काय विचारायचं, म्हणाली. मग म्हाताऱ्याला विचारलं, "आमचं कुठंशी हाय?"

त्यानं काठी उचलून दाखवलं. दोनेकशे पावलांवर, पाण्याच्या कडेला, हिरवा तुकडा होता. "ते माझं काकडीचं येल हाईत ना, त्येच्या खाली. पुरुषभर गाळ आसंल वर."

आम्ही तिथं गेलो. गाळ पायाखाली मऊ होता, उतरलेल्या पाण्याचा गारवा अजून त्यात होता. आई वेलांमध्ये उभी राहिली. मला वाटलं ती आता चूल दाखवेल, जातं दाखवेल. तिनं काही दाखवलं नाही. वाकून मूठभर माती उचलली, वास घेतला, परत टाकली. माझ्या डोक्यात एकच विचार घुमत होता, की आपण छपरावर उभे आहोत आणि खाली कुणीतरी आपल्या पावलांचा आवाज ऐकतंय.

म्हाताऱ्यानं दोन काकड्या तोडून आईच्या ताटात ठेवल्या. पैसे घेईना. तेव्हा आईनं मला तीन वर्षांची थकबाकी द्यायला सांगितली. मी पन्नासाची नोट काढली. सुटे त्याच्याकडं नव्हते, माझ्याकडंही नव्हते.

"ऱ्हाऊ द्या," आई म्हणाली. "उरल्यालं पुढल्या वर्साचं आडवान्स."

म्हणजे ती पुढच्या वर्षीही येणार होती. त्याच उंबऱ्यावर.

परत येताना घोडेगावात टपरीपाशी चहाला थांबलो तेव्हा आईनं एक काकडी साडीला पुसली, मोडली, आम्हाला तुकडे दिले. कोवळी होती, गोड होती. मी माझा तुकडा दोन घासांत संपवला. आई मात्र सावकाश चावून खात होती, चव ओळखू बघत असल्यासारखी. खाऊन झाल्यावर तिनं तोंड पुसलं.

"घर पिकतंय तिकडं," ती म्हणाली. "ज्येच्यावर काकड्या लागत्यात त्येला आपलं भाडं कशाला लागतंय? काढ ते पैसं. पर एक ध्यानात ठेव."

मी म्हटलं, काय?

"खोकत जाऊ नगं त्यांच्या दारात."

मी तिला त्या खोकल्याबद्दल काहीही सांगितलेलं नव्हतं. बायकोकडं पाहिलं. ती टपरीवाल्याला पैसे देत होती, फार लक्ष देऊन.

खरेदीखत मे अखेर झालं. आईच्या खात्यातले पैसे, आमच्या दीड वर्षाच्या खोट्या हप्त्यांचे पैसे आणि बँकेचं कर्ज, एवढ्यावर सौदा पुरा झाला. सहा महिन्यांचे हप्ते जागच्या जागी राहिले. भाडं आठ हजार, हप्ता त्याच्या दीडपटीच्या वर. फरक आमच्या खिशातून. बँकेतल्या मुलीनं सांगितलं होतं तसंच धरून चाललो आहोत, की भाडं येणारच नाही. जीपवाला आजवर एकदाही चुकलेला नाही. फोनवर पाठवतो, एक तारखेला, सकाळी नऊच्या आत. पुढं एक तारीख जवळ आली की माझ्याही आधी आई विचारायला लागली, भाडं टाकलं का. त्यातून पाचशे रुपये पोस्टात जातात, नव्या खात्यात. कुणाचं भाडं, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

जूनमध्ये एकदा मला तिथं जायचं होतं, पाण्याच्या टाकीची वर्गणी गोळा होत होती. निघताना कपाटावरची दादांची खिळ्यांची पुडी काढली. कागद पिवळा पडला होता, खिळे मात्र नवेच होते. हातोडी पिशवीत घातली. जिना चढताना घशात खवखव झाली तर ती गिळली, शेवटच्या पायऱ्या पाय वाजवत चढलो आणि दारावर बोटानं टकटक केली, पाहुण्यासारखी.

ती दोघंही घरात होती. चहा झाला. कॅलेंडर खिडकीत होतं, पाठमोरं. मी पुडी काढून टेबलावर ठेवली आणि म्हटलं की भिंतीत खिळा ठोका, कॅलेंडर नीट लावा, आमची काही हरकत नाही. लागलं तर मीच ठोकून देतो.

नवऱ्यानं बायकोकडं पाहिलं. बायकोनं भिंतीकडं.

"नको भाऊ," ती म्हणाली. "ऱ्हाऊ द्या. भीत खराब व्हईल."

मी दोनदा आग्रह केला. तिसऱ्यांदा करायच्या आत माझं लक्ष जीपवाल्याकडं गेलं. घरातला साधा शर्ट होता अंगात, सकाळची वेळ, बाहेर चांगलंच उकडत होतं. त्यानं गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावली होती.

मी पुडी उचलून परत पिशवीत घातली. वर कुठंतरी इमारतीची टाकी भरली, पाणी पाइपातून घुमत उतरलं. मी पाय घट्ट खाली दाबून ठेवले. समोरच्या खुर्चीत त्यानं मात्र आपले पाय वर घेतले, आपल्याच नादात, माझ्याकडं न बघता.